सैनिकाची आरोग्यनोंद संगणकावर असणे आणि हाताशी असणे

औसा तालुक्यातील एका तरुण सॉफ्टवेअर अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील तोफखान्यात २४ वर्षे सेवा करून २०२१ मध्ये हवालदार पदावरून निवृत्त झाले. आता त्यांना डाव्या कानाने फारसे ऐकू येत नाही. लातूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सेवेत असतानाचे जुने ऑडिओग्राम, म्हणजे यंत्रावर ऐकणे मोजून काढलेले आलेख, आणायला सांगितले, तेव्हा घरच्या पत्र्याच्या पेटीतून डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद आणि एका लष्करी रुग्णालयाची पुसट स्लिप एवढेच निघाले. अभियंता विचारतात, ‘सैन्यात प्रत्येक गोष्टीची नोंद होते असे वडील सांगतात. मग ही नोंद संगणकावर का नाही, आणि असेल तर लातूरच्या डॉक्टरांना ती एका क्लिकवर का दिसत नाही? तांत्रिकदृष्ट्या यात अवघड असे काय आहे?’

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत डॉक्टर म्हणून काम केले. सुरुवातीची वर्षे पलटणीचा आरएमओ, म्हणजे तिथला डॉक्टर, होतो आणि पुढे रुग्णालयांच्या नोंदी कागदावरून संगणकावर आणण्याच्या कामात पडलो. निवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरला स्थायिक झालो असून मराठवाड्यातील माजी सैनिकांची वैद्यकीय कागदपत्रे आजही माझ्याकडे येत असतात. माझे उत्तर आपल्याला कदाचित निराश करील. आपण ज्याला तांत्रिक भाग म्हणता तो या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ती पहिली नोंद, म्हणजे घटना घडली त्या दिवशी, ती पाहणाऱ्या माणसाने, पुढे कोणालाही कळेल अशा शब्दांत केलेली नोंद. ती झालीच नसेल तर कोणतेही सॉफ्टवेअर ती नंतर निर्माण करू शकत नाही.

आपल्या वडिलांच्या कानापासूनच सुरुवात करू. भरतीच्या वेळी जवानाचे ऐकणे यंत्रावर मोजण्याची पद्धत सर्रास नव्हती. उमेदवाराला पाठमोरे उभे करून ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजत शब्द उच्चारायचे, त्याने ते परत म्हणून दाखवायचे, आणि प्रत्येक कानासमोर ‘६१०’ असा आकडा लिहायचा, एवढीच ती तपासणी असे. त्यामुळे त्यांचा भरतीच्या वेळचा ऑडिओग्राम शोधू नका. तो असण्याची शक्यता फार कमी आहे. मात्र तो ‘६१०’ चा आकडा असलेला कागद सोन्याच्या मोलाचा आहे. तो का, हे पुढे येईल.

त्यानंतरच्या २४ वर्षांत जवानाची प्रकृती जिथे लिहिली जाते ती पहिली जागा म्हणजे युनिटची एम.आय. रूम, म्हणजे छोटा दवाखाना. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, होते, रांगेत तीस-चाळीस जवान उभे असतात आणि आरएमओला तासाभरात सगळे आटोपून फायरिंगच्या किंवा मार्चच्या ठिकाणी जायचे असते. अशा वेळी रजिस्टरमध्ये ‘कान दुखणे, एम अँड डी’ एवढेच लिहिले जाते. त्याचा अर्थ औषध घ्या आणि ड्यूटीवर जा. कोणता कान, किती दिवसांपासून, आदल्या दिवशी किती राउंड फायर झाले, कानात घंटा वाजल्यासारखे होते का, यातले काहीही तिथे नसते. मी स्वतः अशा शेकडो ओळी लिहिल्या आहेत, तेव्हा हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचा मला अधिकार नाही. ते रजिस्टर उद्या हुबेहूब संगणकावर चढवले, तरी लातूरच्या डॉक्टरांना पडद्यावर ‘कान दुखणे, एम अँड डी’ हेच वाचायला मिळेल.

आता सैनिकाची नोंद आणि इतर रुग्णाची नोंद यांतला मूळ फरक सांगतो, कारण तो लक्षात न घेता बनवलेल्या प्रणाली मी फसताना पाहिल्या आहेत. आपण घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा लातूरच्या एखाद्या दवाखान्यात गेलो तर तिथला केस पेपर उपचारासाठी असतो, आणि बरे वाटले की त्याचे काम बहुधा संपते. सैनिकाची नोंद मात्र एकाच वेळी तीन कामे करते. पहिले काम उपचाराचे. दुसरे कॅटेगरीचे. एस, एच, ए, पी आणि ई, म्हणजे मानसिक स्थिती, ऐकणे, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी, अशा पाच घटकांची प्रतवारी होते. सर्वांत १ असेल तर जवान ‘शेप वन’ असतो, आणि एखाद्यात घसरला तर ‘लो मेडिकल’ होतो. त्यावर पुढची नेमणूक, कोर्स आणि बढती अवलंबून असते. तिसरे काम पुराव्याचे, आणि सेवा संपल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे उरते ते हेच. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न आला की आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे बळावला का, हे ठरवावे लागते, आणि ते कागदावरूनच ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. भरतीच्या वेळी एखाद्या आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरावे, नंतरचा बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे, आणि ते सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये. ६१० चा कागद मोलाचा आहे तो यामुळे. दोन्ही कान चांगले होते हे त्यावर सैन्यानेच लिहून ठेवलेले आहे. यासंबंधीचे नियम २०२३ मध्ये बदलले, पण आपले वडील त्यापूर्वी निवृत्त झाले आहेत.

नोंद हा पुरावा असेल, तर ती कोणत्या वेळेची आहे याला फार महत्त्व येते. एका रुग्णालयात मी नवी प्रणाली पाहायला गेलो होतो. तिथे दिवसभराचे कागद संध्याकाळी ऑपरेटर संगणकावर चढवत आणि वेळेच्या रकान्यात यंत्र आपोआप त्या क्षणाची वेळ टाकत असे. सकाळी अकरा वाजता परेडवर गुडघा मुरगळलेल्या जवानाची दुखापत त्यामुळे संध्याकाळी साडेसहाची झाली. उपचारात काही बिघडले नाही. पण ‘ड्यूटीवर असताना’ हे सिद्ध करायची वेळ आली तेव्हा पडद्यावरची वेळ त्याच्या विरोधात गेली, आणि मूळ कागद स्कॅन करून रद्दीत गेला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक प्रणालीत एकच गोष्ट आधी तपासतो. घटना घडल्याची वेळ आणि नोंद चढवल्याची वेळ असे दोन रकाने वेगळे आहेत का, आणि जुनी नोंद दुरुस्त करताना ती पुसली जाते की तिच्या खाली नवी नोंद जोडली जाते? ही गोष्ट आपल्यासारख्या अभियंत्याला क्षुल्लक वाटेल, पण एखाद्याची पेन्शन अशा एका रकान्यावर अडू शकते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही निविदेत लिहिलेली नसते. जवान आजार लपवतो. कॅटेगरी घसरली की बढती लांबते हे त्याला माहीत असते, म्हणून कानात सतत घंटा वाजत असली तरी वार्षिक तपासणीत तो ‘सब ठीक है साब’ म्हणून मोकळा होतो. मग तो रजेवर गावी येतो, आणि आपल्याकडे औसा, निलंगा किंवा उदगीर इथल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून लेटरपॅडवर गोळ्या लिहून घेतो. तो कागद शर्टाच्या खिशात राहतो आणि पहिल्याच धुण्यात जातो. छत्रपती संभाजीनगरचे लष्करी रुग्णालय लातूरकडच्या गावांपासून अडीचशे किलोमीटरांपेक्षा दूर आहे. कानासाठी तिथवर कोण जाणार? खासगी चौकशी केली तर वडील अशा दोन-तीन भेटी आपल्याला सांगतीलही. प्रणाली कितीही उत्तम केली तरी ही पोकळी भरणार नाही. ती भरायची असेल तर आजार सांगणे जवानाला तोट्याचे ठरू नये. म्हणजे त्याच्या कमांडिंग ऑफिसरला ‘या जवानाला तोफेजवळ उभे करू नये’ एवढेच दिसावे, आणि निदान, चाचण्या व औषधे डॉक्टरांपुरती राहावीत. कोणाला काय दिसेल याच्या परवानग्या ठरवणे हे मला पडद्यांच्या रचनेपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

आता समजा ऑडिओग्राम झाले होते आणि ते स्कॅन करून ठेवलेले आहेत. तरीही पेच सुटत नाही. मोठ्या आवाजाने कानाला होणारी इजा प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यासारखी दिसते आणि ती वर्षानुवर्षे हळूहळू खोल होत जाते. ती वेळेवर पकडायची असेल तर दरवर्षीचे आकडे एकमेकांशेजारी मांडावे लागतात. अमेरिकी सैन्यात हेच करतात. पहिल्या तपासणीच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झवरची सरासरी १० डेसिबल किंवा जास्त घसरली, की त्या सैनिकाचे नाव वेगळे निघते. आलेखाचे छायाचित्र जपून ठेवले तर हे गणित होऊ शकत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते एक चित्र असते. आकडे आकड्यांच्या रकान्यात आणि निदान ठरलेल्या संज्ञावलीत असले पाहिजे. भारत सरकारने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्यांत निदानासाठी स्नोमेड सीटी, प्रयोगशाळेसाठी लॉइंक आणि प्रतिमांसाठी डायकॉम सुचवलेले आहे. मानके कागदावर चांगलीच आहेत. सकाळच्या सिक रिपोर्टला तासाभरात चाळीस जवान पाहणाऱ्या आरएमओकडून ती पाळून घेणे ही वेगळी विद्या आहे, आणि माझ्या अनुभवात यश तिथेच आले जिथे त्याला टाइप करण्याऐवजी दहा-बारा नेहमीच्या तक्रारींतून निवड करण्याची सोय दिली होती.

ओळख पटवण्याचा प्रश्न मात्र खास आपल्या भागाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्या वडिलांची जन्मतारीख १ जून असेल तर मला नवल वाटणार नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली एक अख्खी पिढी मराठवाड्यात आहे. नाव आणि जन्मतारीख जुळवून दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवणारी प्रणाली परदेशात ठीक चालत असेल, पण इकडे एकाच तालुक्यातले दोन बालाजी शिंदे, दोघांची जन्मतारीख १ जून, आणि दोघेही तोफखान्यात, हे अजिबात अशक्य नाही. त्यात ज्ञानोबा हे नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. सैन्यात आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव आहे की नाही, यात कागदागणिक फरक पडतो. पत्नीचे नाव लग्नानंतर बदललेले असते आणि त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत बदल करणारा आदेश, निघालेली नसते, त्यामुळे तिच्या उपचाराच्या नोंदी दोन नावांवर विभागल्या जातात. यावर आर्मी नंबर हा उपाय वाटतो, पण तोही आयुष्यभर एकच राहतो असे नाही. जवान नायब सुभेदार झाला की त्याला ‘जेसी’ ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळतो. हवालदार असतानाच्या नोंदी जुन्या क्रमांकाखाली आणि नंतरच्या नव्या क्रमांकाखाली, अशी फाळणी झालेली मी अनेकदा पाहिली आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत निदान हा घोळ नाही.

आपल्याला वाटेल की हे आपल्याकडचेच दुखणे आहे. तसे नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथील सैनिकी दप्तरखान्याला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यांच्या प्रती कुठेही नव्हत्या, आणि पुढे कित्येक वर्षे वृद्ध सैनिकांना आपण सेवेत होतो हेच इतर कागदांवरून सिद्ध करावे लागले. संगणकीकरणात तो देश आपल्यापेक्षा फार पुढे होता. निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांसाठी त्यांनी विस्टा नावाची प्रणाली रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या शेजारी बसून घडवली. ती मम्प्स या १९६० च्या दशकातील भाषेत आहे, हे ऐकून आपल्याला हसू येईल. पण सेवेतील सैनिकांची प्रणाली वेगळी होती. त्यामुळे गणवेश उतरवला की माणूस एका संगणकातून दुसऱ्यात जाताना मधल्या दरीत पडायचा. दोघांसाठी एकच नोंद करण्याचा प्रकल्प २०१३ मध्ये सोडून द्यावा लागला. मग संरक्षण विभागाने २०१५ मध्ये बाजारातली तयार प्रणाली घेतली, २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील फेअरचाइल्ड हवाई तळावर ती प्रथम सुरू केली, आणि मार्च २०२४ मध्ये ती सर्व लष्करी रुग्णालयांत पोहोचली. निवृत्तांच्या विभागानेही तेच सॉफ्टवेअर घेतले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये स्पोकेन येथे ते चालू केले. तिथे डॉक्टरांनी लिहिलेल्या ११,००० हून अधिक मागण्या, म्हणजे तपासण्या, तज्ज्ञांकडे पाठवण्याच्या चिठ्ठ्या वगैरे, कोणीही पाहत नसलेल्या एका रांगेत जाऊन पडल्या होत्या, हे २०२२ मध्ये अधिकृत तपासणीत उघड झाले. २०२३ मध्ये पुढचा विस्तार थांबवावा लागला. सॉफ्टवेअर एकच असूनही एका खात्यात ते चालले आणि दुसऱ्यात अडकले, यावरून अडचण किती ठिकाणी असू शकते याचा अंदाज यावा.

‘एका क्लिकवर’ या आपल्या अपेक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. लष्कराचे अंतर्गत जाळे इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेले असते. एखाद्या युनिटमधले किती जवान हिमदंशाने किंवा तापाने आजारी आहेत, ही माहिती एकत्र केली की ती वैद्यकीय राहत नाही, ते युनिट कुठे आहे आणि किती लढू शकते हे त्यातून कळते. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या एका ॲपच्या नकाशावरून जगातले लष्करी तळ ओळखता येतात हे जानेवारी २०१८ मध्ये सर्वांनी पाहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला होऊन नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. शिवाय पुढच्या चौकीवर जाळे नसतेच, त्यामुळे नोंद तिथेच साठवून जाळे मिळाल्यावर पुढे पाठवावी लागते, आणि एकाच जवानाच्या दोन ठिकाणच्या नोंदी नंतर एकत्र आल्या तर कोणती खरी हे ठरवावे लागते. हा भाग आपल्या व्यवसायातला आहे, त्यामुळे तो अधिक सांगत बसत नाही.

निवृत्तीनंतरचा पूल म्हणजे १ एप्रिल २००३ पासून चालू असलेली ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना. तिचे स्मार्ट कार्ड बघून पुष्कळांना वाटते की त्यात आपला आजारांचा इतिहास साठवलेला आहे. जुने कार्ड बदलून मिळालेले कार्डही ६४ केबीचे आहे, आणि आपल्या वडिलांचा एक नीट स्कॅन केलेला कागदही त्यात मावणार नाही. ते कार्ड ओळख आणि पात्रता दाखवण्यासाठी आहे. मे २०२१ मध्ये सुरू झालेली सेहत ओपीडी ही दूरस्थ सल्लासेवा निवृत्तांनाही खुली आहे आणि लांब राहणाऱ्यांना उपयोगी आहे, पण तीही सेवेतल्या दप्तराची जागा घेत नाही. १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, मात्र वडिलांसाठी जरूर काढून ठेवा. लातूरला यापुढे होणाऱ्या तपासण्या त्याला जोडल्या गेल्या तर पुढच्या डॉक्टरांना, वडिलांनी संमती दिल्यावर, त्या दिसू शकतील. मागची २४ वर्षे त्यात आपोआप येणार नाहीत.

ती मिळवण्याची वाट कागदाचीच आहे. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे. तिथल्या माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा आणि त्यात भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत, सेवेतल्या प्रत्येक कॅटेगरी बोर्डाची, म्हणजे प्रतवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची, प्रत आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत अशा तीन गोष्टी नेमकेपणाने मागाव्यात. कॅटेगरी बोर्ड एएफएमएसएफ-१५ या फॉर्मवर होते, आणि निवृत्त होताना वडील लो मेडिकल असतील तर सुटतानाचे बोर्ड एएफएमएसएफ-१६ वर झालेले असते. ‘माझी सर्व वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. अर्जावर सही वडिलांचीच हवी, कारण मुलाने मागितली तर ती दुसऱ्याची वैयक्तिक माहिती ठरते आणि अर्ज फेटाळला जातो. पेटीतली ती पुसट रुग्णालयाची स्लिप भिंगाखाली धरून तिच्यावरचा ए अँड डी क्रमांक आणि तारीख वाचता येते का पाहा. रुग्णालयाचे दाखल-मुक्तीचे दप्तर त्या क्रमांकाने लागते, नावाने शोधायला सांगितले तर कोणी शोधत नाही. अर्ज लिहिण्यास मदत हवी असल्यास लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

कागद येईपर्यंत वडिलांना बसवून एक टिपण काढा. कोणत्या वर्षी कोणत्या रेजिमेंटमध्ये होते, कोणत्या तोफेवर होते, गन डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत, तोफेच्या कोणत्या बाजूला उभे राहत, कानात कापूस घालत की संरक्षक मिळाले होते, आणि घंटा वाजणे प्रथम कधी जाणवले. कानतज्ज्ञाला यातून जे कळते ते पुष्कळदा जुन्या आलेखातूनही कळत नाही, आणि एका बाजूचाच कान जास्त गेला असेल तर उभे राहण्याची बाजू महत्त्वाची ठरू शकते. लातूरला नवा ऑडिओग्राम काढाल तेव्हा आलेखाबरोबर प्रत्येक वारंवारितेचे डेसिबलचे आकडे वेगळे लिहून, डॉक्टरांची सही आणि तारीख घालून मागून घ्या, आणि यंत्रातून निघालेल्या त्या गुळगुळीत कागदाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, आणि आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत पत्र्याच्या पेटीत तो पुरता कोरा होतो.